पांढरा गोळा

गेल्या दिवाळीत आम्ही पुण्याहून नगरला येत होतो. (आता अहिल्यानगर म्हणायला हवं, पण सत्तर वर्षांची सवय जिभेवरून लवकर जात नाही.) गाडी नातू चालवत होता. त्याच्या शेजारी माझा धाकटा भाऊ, आणि मागे मी नि सूनबाई, फराळाचे डबे मांडीवर घेऊन. शिरूर मागे टाकलं आणि पुढे लष्कराचा एक ट्रक आला. मागच्या फळीपाशी दोन-तीन जवान बसले होते, आत अंधारात आणखी असावेत. आमच्या चिरंजीवांनी गाडी थेट त्या ट्रकच्या शेपटाला नेऊन चिकटवली.

भाऊ एकदम शांतपणे म्हणाला, "बाळा, तो ट्रक आता त्या बाभळीपाशी पोचला की मोजायला लाग. एक हजार एक, एक हजार दोन... आपण बाभळीपाशी किती आकड्यांवर पोचतो बघ."

नातवाचं "एक हजार एक" पुरतं म्हणूनही झालं नाही, तोवर बाभूळ मागे गेली.

"तीन तरी यायला पाहिजेत. पुढे माणसं बसलीत."

माझा भाऊ सैन्याच्या पुरवठा दलात, म्हणजे एएससीत, ड्रायव्हर होता. १९७३ साली भरती झाला आणि वीसेक वर्षं ट्रक चालवून घरी आला. घरी आल्यापासून सैन्याबद्दल फार बोलत नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. मुलं विचारायची ती बंदुकीबद्दल, आणि याच्या हातात तर आयुष्यभर स्टीअरिंग! मग काय सांगणार?

नातवानं गाडी मागे घेतली तेव्हा मला ट्रकच्या पोटाखाली, मागच्या चाकांच्या मधोमध, तो पांढरा गोळा दिसला. हा गोळा माझ्या लहानपणापासूनचा ओळखीचा. भिंगार कॅम्पातून निघालेले लष्करी ट्रक आमच्या घरावरून जायचे. १९६२च्या युद्धानंतर तर फारच. जबलपूरला १९५९पासून तयार होऊ लागलेले शक्तिमान ट्रक, नंबराच्या सुरुवातीला वर तोंड केलेला बाण, आणि मागून पाहिलं की खाली चुन्यानं रंगवल्यासारखा पांढरा गोळा. आम्ही भावंडं ओट्यावर बसून गोळे मोजायचो. सत्तावीसपर्यंत मोजल्याचं मला आठवतं. तो गोळा कशासाठी, हे मात्र कधी मनात आलं नाही. इतिहासाची शिक्षिका म्हणून तीस वर्षं मुलांना "का?" विचारत राहिले आणि दारावरून जाणाऱ्या गोष्टीला तो प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

त्या दिवशी विचारला.

भाऊ म्हणाला, "अगं आक्का, तो डिफरन्शियलचा लोखंडी गोळा. रात्री हेडलाईट बंद करून ताफा चालवायचा असला की त्या गोळ्यावर एक बारीक दिवा सोडतात. वरून विमानाला तो दिसत नाही, बाजूनं दिसत नाही. फक्त मागच्या ड्रायव्हरला दिसतो. आपण त्या गोळ्याकडे बघत चालवायचं. मोठा दिसायला लागला की आपण जवळ आलो, दिसेनासा झाला की मागे राहिलो."

मला ही युक्ती फार आवडली. घरी आल्यावर पुस्तकं काढली, नातवाकडून संगणकावर थोडं शोधून घेतलं, आणि दिवाळीचे पुढचे चार दिवस मी त्यातच होते. सूनबाईनं करंज्या एकटीनं केल्या, तिची इथे जाहीर माफी मागते.

तर मंडळी, माणसं मोटारीत भरून लढाईवर न्यायची पहिली मोठी गोष्ट पॅरिसची, १९१४च्या सप्टेंबरमधली. जर्मन सैन्य पॅरिसच्या जवळ येऊन ठेपलं होतं. मार्न नदीच्या लढाईसाठी सैनिक तातडीनं पाठवायचे, तर सुमारे सहाशे टॅक्सी गोळा केल्या आणि एकेका टॅक्सीत चार-पाच सैनिक कोंबले. गंमत म्हणजे भाड्याचे मीटर चालू होते आणि सरकारनं नंतर पैसे दिलेही! लढाईचा निकाल काही या टॅक्सींनी लावला नाही, दंतकथा मात्र मोठी झाली. पण माझं लक्ष गेलं ते वेगळ्याच गोष्टीकडे. रात्रीच्या प्रवासात पुढचे दिवे विझवलेले होते आणि मागचा तेवढा लाल दिवा पेटलेला. प्रत्येकानं पुढच्याच्या लाल दिव्यामागे जायचं. म्हणजे आमच्या गोळ्याचा हा आजोबाच की!

अंधारात चालवण्याची किंमत काय असते ते इंग्लंडनं दुसऱ्या महायुद्धात पाहिलं. विमानांच्या भीतीनं १ सप्टेंबर १९३९ पासून तिथे काळोख सक्तीचा झाला, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं बसली. १९४१ साली त्या देशात रस्त्यांवर ९,१६९ माणसं मेली. एका वर्षात इतकी तिथे ना आधी मेली होती, ना नंतर. ही सगळी शत्रूनं न मारलेली माणसं. लष्करी गाड्यांखालचा पांढरा गोळा आणि त्यावरचा दिवा त्याच काळात ब्रिटिश सैन्यात रूढ झाला आणि आपल्याकडे आला तो त्यांच्याचकडून.

आणि ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. १९९९च्या उन्हाळ्यात कारगिलच्या लढाईत द्रास-कारगिल भागात शत्रू वर शिखरांवर बसून श्रीनगर-लेहचा रस्ता बघत होता. दिवसा गाडी दिसली की तोफगोळा. म्हणून आपले ताफे रात्री, दिवे बंद करून जायचे. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी! तोलोलिंग आणि टायगर हिलची नावं आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहेत. त्या शिखरांच्या पायथ्यापर्यंत जवान कसे पोचले, हे मात्र मी एकाही विद्यार्थ्याला सांगितलं नव्हतं.

आता व्हर्दून. ही लढाई मी वर्गात दोन ओळींत संपवायचे. १९१६, फ्रान्स विरुद्ध जर्मनी, प्रचंड मनुष्यहानी, पुढचा प्रश्न. या दिवाळीत कळलं की त्या दोन ओळींच्या मध्ये एक अख्खा रस्ता होता.

२१ फेब्रुवारी १९१६ ला जर्मनांनी व्हर्दूनवर हल्ला चढवला. तिथे जाणारा एक रेल्वेमार्ग १९१४ सालीच तुटलेला होता, दुसरा तोफांच्या माऱ्यात. उरली ती एक नॅरोगेज गाडी आणि बार-ल-द्यूक गावाहून जाणारा सुमारे पंचाहत्तर किलोमीटरचा साधा जिल्हा रस्ता. रुंदी सात मीटरच्या आसपास, म्हणजे समोरासमोरून दोन ट्रक जेमतेम जाणार. सगळी लढाई या रस्त्यावर तोलून धरायची होती. आठवड्याला सुमारे नव्वद हजार माणसं आणि पन्नास हजार टन माल! साडेतीन हजारांच्या घरात ट्रक, भरीव रबराची चाकं, आणि सरासरी दर चौदा सेकंदांना एक गाडी, रात्रंदिवस.

दुमांक नावाच्या एका कॅप्टननं वाहतुकीची व्यवस्था बसवली. त्याची अट एकच होती: हा रस्ता फक्त मोटारींचा, आणि त्याच्यावर हुकूम फक्त आमचा. घोडागाड्या बंद. पायी जाणाऱ्या पलटणींनी बाजूच्या शेतांतून जायचं. रस्त्याचे सहा भाग पाडले, प्रत्येक भागाला आपापली माणसं, आपापली दुरुस्तीची सोय. आणि ड्रायव्हरांना नियम फार थोडे. पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही. थांबायचं नाही. गाडी बंद पडली तर मागच्यांनी तिला ढकलून बाजूच्या चरात घालायची आणि पुढे चालू लागायचं.

ओलांडायचं का नाही, हे मला भावानं समजावून सांगितलं. खरं म्हणजे ते मला आधीच ठाऊक असायला हवं होतं, कारण ते मी शाळेत रोज पाहिलेलं. प्रार्थनेनंतर मुलांची रांग वर्गाकडे निघाली की पहिला मुलगा निवांत चालत असतो आणि शेवटचा हमखास पळत असतो. पुढचा जरा थबकला की मागचा त्याहून जास्त थबकतो, आणि पुन्हा सुटताना अंतर भरून काढायला धावतो. चाळीस मुलांच्या रांगेत शेवटच्याचा दम निघतो. गाड्यांच्या ताफ्याचंही तसंच. पहिली गाडी तीसच्या वेगानं चालली तरी शेवटची कधी उभी तर कधी पन्नासवर. म्हणून पुढच्यानं संथ आणि एकसारखं चालवायचं, ते स्वतःसाठी नव्हे तर मैलभर मागे असलेल्या, त्याला कधीच न दिसणाऱ्या ड्रायव्हरसाठी. "शेवटच्या गाडीवर नेहमी मुरलेला माणूस द्यायचे," भाऊ म्हणाला. मी मात्र रांगेत पळणाऱ्या शेवटच्या मुलांना तीस वर्षं ओरडत आले.

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ वितळलं आणि रस्त्याचा राडा झाला. चाकं रुतायला लागली. रस्ता बंद ठेवून दुरुस्त करणं शक्यच नव्हतं. मग वयस्क राखीव सैनिकांना हजारोंनी रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं केलं. त्यांनी जवळच्या खाणींतली खडी फावड्यांनी चालत्या ट्रकच्या चाकांखाली फेकायची आणि ट्रकच्या चाकांनीच ती दाबली जायची. रोडरोलरचं कामही ट्रककडेच. अशी लाखो टन खडी त्या रस्त्यानं गिळली.

सेनापती पेताँ (पुढे १९४०ला हिटलरपुढे मान तुकवणारा तोच, पण तो वेगळ्या लेखाचा विषय) या रस्त्यावरच्या सुयी गावात मुक्कामाला होता. नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभा राहून जाणाऱ्या ट्रकांमधली कोवळी पोरं आणि परतणाऱ्या ट्रकांमधले त्यांचे डोळे तो बघायचा, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. एकच पलटण मरेपर्यंत आघाडीवर न ठेवता थोड्या दिवसांनी ती मागे आणायची आणि ताजी पाठवायची, अशी त्याची पद्धत. फ्रेंचांनी तिला 'नोरिया' म्हटलं, म्हणजे आपलं रहाटगाडगं! भरलेले पोहरे वर, रिकामे खाली. हा रहाट फिरला तो त्या ट्रकांवर. नंतर त्या रस्त्याला 'पवित्र मार्ग' असं नाव पडलं. आजही त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर शिरस्त्राणं बसवलेली आहेत, आणि रस्त्याचा अधिकृत क्रमांकच १९१६ आहे.

हे वाचताना मला पुलवामा आठवलं. १४ फेब्रुवारी २०१९. जम्मूहून श्रीनगरला निघालेला केंद्रीय राखीव पोलीस दलाचा अठ्ठ्याहत्तर गाड्यांचा ताफा, अडीच हजारांहून जास्त जवान, आणि बाजूनं येऊन धडकलेली स्फोटकांची मोटार. चाळीस जवान गेले, त्यांतले दोन आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. त्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या महामार्गावर आठवड्यातले दोन दिवस, रविवार आणि बुधवार, खाजगी वाहनांना बंदी घालून फक्त ताफे सोडत. लोकांचे फार हाल झाले, ओरडही झाली आणि ती रास्तच होती. शाळा, दवाखाना, लग्नकार्य यांनी कुठून जायचं? शेतातून? पण दुमांकनं १९१६ साली घातलेलीच ही अट. रस्ता एक आणि त्यावर हक्क सांगणारे दोन. यातलं बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि शत्रू असावाच लागतो असंही नाही. २३ डिसेंबर २०२२ ला उत्तर सिक्कीममध्ये झेमा इथे तीव्र वळणावर लष्कराचा ट्रक दरीत गेला आणि सोळा जवान गेले. वर्तमानपत्रात एक दिवस बातमी होती. माझ्या भावानं ते पान घडी करून ठेवलेलं मला नंतर सापडलं.

पाडव्याच्या संध्याकाळी मी हे सगळं त्याला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होता. "थांबायचं नाही" या नियमापाशी त्यानं डोळे उघडले.

"मग झोपायचे कधी?"

मी म्हटलं, सुरुवातीच्या दिवसांत झोपायचेच नाहीत. एक खेप टाकून परत यायचं की लगेच दुसरी. स्टीअरिंगवर डोकं टेकून गाड्या चरात गेल्याच असतील. पुढच्या युद्धात अमेरिकनांना अक्कल आली. १९४४ साली फ्रान्समध्येच त्यांनी 'रेड बॉल' नावाची ट्रकांची धावपट्टी चालवली, बहुतेक ड्रायव्हर कृष्णवर्णीय. तिथे नियम असे की वेग ताशी पंचवीस मैलांच्या आत, दोन गाड्यांत साठ यार्ड अंतर, आणि दर दोन तासांनी घड्याळ लावून दहा मिनिटांचा थांबा. ताफा असेल तिथे उभा. वेगाचा नियम त्यांनी सर्रास मोडला म्हणे, पण थांब्याचा नियम लिहिला गेला हे काय कमी?

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आक्का, तुला एक सांगायचं राहिलंय."

गोष्ट १९८०च्या दशकातली, एका हिवाळ्यातली. जम्मूहून ताफा निघाला होता. याच्या ट्रकमध्ये रजेवरून परतणारे बावीस जवान. रामबनच्या पुढे दरड कोसळली आणि ताफा रात्रभर रस्त्यावर उभा. थंडी इतकी की इंजिन गोठू नये म्हणून मधूनमधून चालू करायचं, वरून दगड येतोय का बघायचं. ड्रायव्हरांपैकी कुणाचा डोळा लागला नाही. पहाटे रस्ता मोकळा झाला आणि ताफा हलला. तासाभरानं याच्या लक्षात आलं की मागचं एक वळण आपल्याला आठवतच नाही. गाडी वळली होती, म्हणजे हातांनी वळवली होती, पण हा तिथे नव्हता.

पुढच्या थांब्यावर यानं गाडी लावली, चाकाखाली दगड लावले, आणि ताफ्याच्या सुभेदारसाहेबांना जाऊन सांगितलं, "साहेब, माझे डोळे मिटतायत. मी गाडी चालवत नाही."

साहेबांनी चार शिव्या दिल्या. सगळेच जागे आहेत, तू काय वेगळा? पण शेवटी दुरुस्तीच्या गाडीवरच्या एका माणसाला याच्या जागी बसवलं. हा त्याच्या शेजारी बसला आणि पुढचे चार तास झोपला. ट्रान्झिट कॅम्पात पोचल्यावर बावीस जवान वळकट्या घेऊन उतरले, आळस दिला, चहाच्या रांगेत गेले. त्यांना काही कळलंच नाही. युनिटमध्ये मात्र याला नाव पडलं, 'झोपाळू'. निवृत्तीच्या दिवसापर्यंत ते टिकलं. निरोपाच्या जेवणात भाषणातही कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"घरी कधी बोललो नाही," भाऊ म्हणाला. "वाटायचं, लोक सीमेवर लढतात आणि आपण काय तर झोप येते म्हणून गाडी सोडली."

मी पन्नासेक वर्षं त्याची मोठी बहीण म्हणून मिरवते आहे, राखी बांधते आहे, आणि हे ओझं मला माहीत नव्हतं. मला काय बोलावं सुचेना. शिक्षकी सवयीनं वहीतला झेमाचा आकडा दाखवला, मग व्हर्दूनचं पान पुन्हा उघडलं. म्हटलं, अरे, ते थांब्याचे नियम कुणी लिहिले असतील असं वाटतं तुला? तुझ्यासारखं कुणीतरी न बोलल्यामुळेच ते लिहावे लागले ना? तर तो हसला. "तू परीक्षेत बसवशील मला." आणि पुढे विचारतो कसा, "थांबायचंच नाही म्हणतेस, तर ते फ्रेंच लोक लघवीला काय करत होते?" मी सगळी पुस्तकं चाळली. इतिहासकारांनी याची दखल घेतलेली नाही.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी नातू पुण्याला परत निघाला. गाडीत त्याचे तीन मित्र होते. मी लाडू-चिवड्याचे डबे दिले, सूनबाईनं "पोचल्यावर फोन कर" म्हणून बजावलं. भाऊ फाटकापाशी आला, खिडकीतून आत वाकून मागे बसलेल्या पोरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सुप्याला चहाला थांब."

"मामाआजोबा, सुपं तर अर्ध्या तासावर आहे!"

"रात्री पत्ते खेळत बसला होतात. थांब."

तासाभरानं त्यानं स्वतःच फोन लावला. एरवी फोनला हात न लावणारा माणूस! थांबला होतास का, विचारलं. पलीकडून "हो, थांबलो होतो" ऐकू आलं.

"किती मिनिटं?" भावानं विचारलं.